कारण न उमगलेले मरण

सकाळी फिरून आलेला, भाकरीचा तुकडा हक्काने मागून खाल्लेला कुत्रा दुपारी ओसरीवर निपचित पडलेला आढळतो. आजार नाही, अपघात नाही. घरातील माणसे रडण्याआधी आठवू लागतात. काल त्याला कोणी काय घातले? फाटक उघडे कोणी टाकले? दुःखाला कारण सापडले नाही की ते अपराधी शोधू लागते, आणि तो बहुधा घरातच सापडतो.

जपानमधील हाचिको या कुत्र्याची हकीकत या बाबतीत मोठी बोलकी आहे. धनी १९२५ साली वारल्यावरही तो जवळजवळ दहा वर्षे टोकियोच्या शिबुया स्थानकावर त्याची वाट पाहत राहिला. ८ मार्च १९३५ रोजी तो रस्त्यावर मृत आढळला. त्याच्या जठरात भाजलेले मांस खोवण्याच्या काड्या निघाल्या, आणि लोकांनी घातलेल्या त्या खाऊनेच तो गेला अशी समजूत पसरली. सुदैवाने त्याचे अवयव टोकियो विद्यापीठात जतन केलेले होते. २०११ साली त्यांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा हृदयात व फुप्फुसांत कर्करोग आढळला. जंतांचा उपद्रव तर होताच. काड्यांनी मात्र काही इजा केलेली नव्हती. मायेने खाऊ घालणारे हात निर्दोष ठरले. पण त्याला शहात्तर वर्षे लागली!

असे दडलेले रोग विरळ नाहीत. प्लीहेतील गाठ बाहेर काही न दाखविता वाढते आणि एक दिवस फुटून पोटात रक्तस्राव होतो. डोबरमन जातीत हृदयाच्या स्नायूंचा असा विकार असतो की, कित्येकदा मृत्यू हेच त्याचे पहिले लक्षण ठरते. मण्यार चावली तर दाट केसांखाली दंश दिसतही नाही. उंदरांवरची काही विषे तर दोनतीन दिवसांनी परिणाम दाखवितात. तेव्हा ‘काल काय खाल्ले’ हा प्रश्नच चुकीचा असतो.

कारण जाणून घ्यावयाचे असेल तर पशुवैद्याकडून शवपरीक्षा करून घेता येते. ती लवकर व्हावी लागते. तोवर देह थंड ठेवावा, पण गोठवू नये. मृत्यूपूर्वी काही दिवसांत कुत्रा कोणाला चावला असेल, किंवा त्याचे वागणे बदलले असेल, तर ते प्रथम सांगावे, आणि चावलेल्या माणसाने तत्काळ डॉक्टर गाठावा. एवढे करूनही कधी कधी उत्तर मिळत नाही, हेही खरे. तथापि विष नव्हते, घास अडकला नव्हता, एवढे कळले तरी घरातल्या एखाद्याच्या मनावरचा दगड उतरतो.

उरते ते निखळ दुःख, आणि त्याची सोय आपल्या समाजाने केलेली नाही. युधिष्ठिराने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला, ही कथा घरोघरी सांगितली जाते. परंतु कुत्र्याला सुतक नाही, दहावे नाही, समाचाराला येणारे कोणी नाही. आलाच तर एखादा शेजारी म्हणतो, “अहो, दुसरा आणा!” मनुष्य कचेरीत जातो, रजेच्या अर्जात कारण लिहावयास लाजतो. निदान घरच्यांनी एकत्र बसून त्याचे नाव घ्यावे, त्याच्या खोड्या आठवाव्यात. आणि मुलांना त्यातून वगळू नये. “तो गावाला गेला” असे त्यांना सांगितले जाते, मोठे आपापल्या कामाला लागतात, आणि मूल रोज संध्याकाळी फाटकाशी जाऊन उभे राहते.