अल्हणदेवीची व्याख्यानशाला आणि आभासी जग

(जबलपूरजवळील भेडाघाट येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आभासी जगांचा आणि दूरदूरच्या माणसांना एकत्र आणणाऱ्या संगणकीय समुदायांचा शिक्षणात कसा उपयोग करावा, हा आजचा विषय वरवर पाहता अगदी अलीकडचा वाटतो. परंतु विद्यादानाची व्यवस्था कशी लावावी याचा एक दाखला याच भूमीवर पावणेनऊशे वर्षांपूर्वी दगडात कोरला गेला असल्यामुळे, माझे म्हणणे मी त्या दाखल्याच्या आधारानेच मांडणार आहे. कलचुरी नृपती गयाकर्ण याची राणी अल्हणदेवी हिने, पुत्र नरसिंहदेव राज्य करीत असता, कलचुरी संवत ९०७, म्हणजे इ.स. ११५५ मध्ये, येथे शिवमंदिर बांधविले, त्याला जोडून मठ, व्याख्यानशाला व उद्याने उभारली, आणि या सर्वांच्या निर्वाहार्थ दोन गावे लावून देऊन सारा कारभार एका पाशुपत आचार्याच्या हाती सोपविला. वास्तू, आचार्य आणि कायमचे उत्पन्न या तीनही गोष्टींची तजवीज तिने एकाच सनदेत करून ठेवली, हे आपण ध्यानात ठेवावे.

ती व्याख्यानशाला आज नाही, आणि तिची हकीकत सांगणारी शिळाही येथे नाही. एकोणिसाव्या शतकात सागर-नर्मदा मुलखात शिक्षणखात्याचे निरीक्षक असलेले फिट्झएडवर्ड हॉल यांनी तो लेख वाचून प्रसिद्ध केला, आणि शिळा समुद्रापार न्यू हेवन येथील अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात जाऊन पडली. पुढे आपल्या नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी कलचुरी-चेदी लेखांचा जो महान संग्रह सिद्ध केला तो १९५५ साली, म्हणजे राणीच्या दानानंतर बरोबर आठशे वर्षांनी, छापून निघाला; पण ग्रंथ झाला तरी तो पंडितांच्या कपाटात राहणार, आणि भेडाघाटच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला आपल्या गावात असे काही घडले होते याची वार्ताही लागणार नाही. आभासी जगाचे पहिले निर्विवाद कार्य मला येथे दिसते. शिळेची त्रिमित प्रतिकृती करून ती संगणकात उभारलेल्या भेडाघाटात पुन्हा आणून ठेवता येईल, आणि मुलांना ती हवी तेवढी जवळ ओढून एकेक अक्षर लावता येईल.

येथील चौसष्ट योगिनींच्या मंदिराची गोष्ट तशीच आहे. शंभराहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर टेकडीच्या माथ्यावर त्याचा वर्तुळाकार प्राकार लागतो. भिंतीलगतच्या ओवऱ्यांतून मूर्ती बसविलेल्या आहेत, नाव चौसष्टांचे असले तरी कोनाडे ८१ आहेत, आणि कित्येक मूर्तींचे हात व मुखे भग्न असली तरी त्यांच्या पीठावर त्या त्या योगिनीचे नाव कोरलेले आढळते. त्या उथळ झालेल्या अक्षरांवर ऊन तिरपे पडले तरच ती वाचता येतात. प्रतिकृतीत मात्र प्रकाशाची दिशा वाचकाच्या स्वाधीन असते. शिवाय ज्या मुलाचे पाय त्याला साथ देत नाहीत त्याला त्या पायऱ्यांवरून कोणी किती वेळा उचलून न्यावे? अशा एका मुलासाठीदेखील हा सारा खटाटोप करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु प्रतिकृती करण्याच्या या विद्येची मर्यादाही याच गावात कळते. एकाच वस्तूची सर्व बाजूंनी, परस्परांवर काहीशी चढणारी शेकडो छायाचित्रे घ्यावयाची, त्यांतील समान बिंदू संगणकाने हुडकावयाचे आणि त्यांवरून वस्तूचा आकार बांधावयाचा, अशी ती पद्धत असल्यामुळे वस्तूने स्थिर राहणे हे तिला अवश्य असते. योगिनी स्थिर बसतात, नर्मदेचा धुवांधार धबधबा बसत नाही. दोन छायाचित्रांच्या दरम्यान पाणी निघून गेलेले असते, आणि मग चित्रकाराला तेथे आपल्या कल्पनेचे पाणी ओतावे लागते. हे पाणी कल्पनेचे आहे, असे विद्यार्थ्याला सांगणारा शिक्षक जवळ नसेल तर त्या प्रतिकृतीने ज्ञानाऐवजी भ्रमच पसरेल.

जे यंत्राला टिपता येत नाही ते येथील माणसांपाशी आहे. संगमरवरी कड्यांमधून नाव नेताना बंदरकूदनीपासून भूलभुलैयापर्यंत प्रत्येक खडकाचे वर्णन यमके जुळवीत ऐकविणारे आपले नावाडी पावसाळ्यात, नौकाविहार बंद असतो त्या महिन्यांत, दूरच्या एखाद्या वर्गाशी प्रत्यक्ष बोलू लागले, तर त्या वर्गाला नर्मदा कळेल. हा केवळ मनोरथ नव्हे. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक असलेल्या रणजितसिंह डिसले यांनी आभासी सहलींच्या द्वारे देशोदेशींचे वर्ग आपल्या मुलांशी जोडले, भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन अशा वैर असलेल्या देशांतील मुलांना एकमेकांशी बोलते केले, आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांची साधने अनेकांपाशी होती. पण दोन्ही टोकांना मूल असावे आणि मध्ये ओळखीचा शिक्षक असावा, हा आग्रह फार थोड्यांपाशी होता.

राहता राहिली राणीची तिसरी गोष्ट, म्हणजे कायमचे उत्पन्न, आणि माझ्या मते आज तिचीच उपेक्षा सर्वाधिक होत आहे. २००३ साली सुरू झालेल्या सेकंड लाइफ या आभासी जगात पुढील काही वर्षांत अनेक विद्यापीठांनी भाड्याची बेटे घेऊन वर्ग उभारले, आणि उत्साह व पैसा ओसरताच त्यांतील बरीच सोडून दिली. गूगलची एक्स्पिडिशन्स ही आभासी सहलींची योजना जगभरच्या शाळांतून चालली असताही २०२१ साली कंपनीने ती आवरून घेतली. शिक्षकांनी त्यांवर आधारून रचलेले पाठ निराधार झाले, कारण ज्या जमिनीवर ते उभे होते ती परक्याच्या मालकीची होती. म्हणून भेडाघाटाची प्रतिकृती व्हावयाची असेल तर तिचे दप्तर सार्वजनिक मालकीचे असावे, ते येथील शाळेच्या ताब्यात द्यावे, आणि त्याच्या देखभालीकरिता सालोसाल चालणारी तरतूद मंजूर करून घ्यावी. एकदा मिळालेल्या अनुदानावर समारंभ होतो, शाळा चालत नाही.

सरकारदरबारी अर्ज करणे हे ही व्याख्यानमाला चालविणाऱ्या मंडळाचे काम, आणि ते मंडळ करील असा मला विश्वास आहे. आपल्यापाशी माझे मागणे निराळे आहे. जबलपुरात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतून भेडाघाटच्या सहलींची जुनी छायाचित्रे असतील. १९९० च्या सुमारास वरच्या अंगाला बरगीचे धरण पुरे होण्यापूर्वी धुवांधारला कोणत्या महिन्यात किती धार असे, याचा पुरावा त्या छायाचित्रांत आहे. ती काढा, मागे साल, महिना आणि माणसांची नावे लिहा, आणि व्याख्यानमाला संपण्यापूर्वी मंडळाच्या चिटणिसांकडे आणून द्या. नक्कल उतरवून घेऊन मूळ प्रत ज्याची त्याला परत मिळेल.