साडी नेसून संपावर

गटाच्या बैठकीत आम्ही जयाबेन देसाईंची गोष्ट ऐकवली. आज ती तुम्हालाही सांगतो.

इंग्लंडमध्ये १९६८ साली इनॉक पॉवेल या पुढाऱ्याने बाहेरून आलेल्यांविरुद्ध आग ओकणारं भाषण केलं. लंडनच्या गोदी कामगारांनी त्याच्या बाजूने मोर्चाही काढला.

जयाबेन मूळच्या गुजरातच्या. टांझानियातून लंडनला गेल्या आणि फोटो धुण्याच्या कारखान्यात कामाला लागल्या. पगार कमी, वर जादा कामाची सक्ती. ऑगस्ट १९७६ मध्ये त्या काम सोडून बाहेर पडल्या. मग कितीतरी बायका त्यांच्यासोबत आल्या. साडी नेसून, थंडीपावसात त्या कारखान्याच्या दाराशी उभ्या राहिल्या. मुख्य मागणी: आमची युनियन माना.

१९७७ मध्ये हजारो कामगार त्यांच्या पाठीशी आले. त्यांत लंडनचे गोदी कामगारही होते!

जवळजवळ दोन वर्षांनी संप हरला. पण ज्यांना 'परक्या' म्हटलं, त्याच बायकांनी तिथल्या कामगारांना एकीचा धडा दिला.

आपल्या शिवारातही ऊसतोडीला बाहेरून बाया येतात. कुणी त्यांना नावं ठेवली, तर आपण गप्प बसायचं का? पुढच्या बैठकीत यावर जरूर बोला.