समुद्रातली खिंड आणि आपली शेगडी

(सामुदायिक रेडिओवर जुलै २०२५ मध्ये झालेले भाषण)

 

आजचा विषय परराष्ट्र धोरणाचा आहे. हा दिल्लीतल्या साहेबांचा विषय, आपल्याला काय त्याचं, असं कुणी म्हणेल. पण गेल्या महिन्यात इराण आणि इस्रायल यांच्यात बारा दिवस युद्ध झालं, तेव्हा आमच्या गटात पहिला प्रश्न आला तो असा: "गॅस महागणार का?" प्रश्न अगदी बरोबर होता. तिथूनच सुरुवात करू.

आपण वापरतो त्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी सुमारे ६० टक्के गॅस बाहेरच्या देशांतून येतो. त्यातला बहुतेक आखातातून, म्हणजे कतार, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, सौदी अरेबिया या देशांतून. तिथून जहाजांना बाहेर पडायला वाट एकच आहे, होर्मुझची सामुद्रधुनी. एका अंगाला इराण, दुसऱ्या अंगाला ओमान, आणि मधे समुद्राची चिंचोळी पट्टी. सर्वांत अरुंद जागी ती साधारण ३३ किलोमीटर आहे. त्यातही मोठ्या जहाजांना जायला जेमतेम तीन किलोमीटरची एक वाट आणि यायला तेवढीच दुसरी. घाटात एक ट्रक आडवा झाला की दोन्हीकडे रांगा लागतात, हे आपण पाहिलेलं आहे. तसाच हा समुद्रातला घाट. जगात रोज जेवढं तेल वापरलं जातं, त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा इथून जातो.

१३ जूनला इस्रायलने इराणवर हल्ला केला. २२ जूनला अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. त्यानंतर इराणच्या संसदेत होर्मुझ बंद करण्याची भाषा झाली. २४ जूनला युद्ध थांबलं आणि वाट उघडीच राहिली. पण ती बंद झाली असती तर? कच्च्या तेलाचा काही साठा सरकारने विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादुर इथे जमिनीखाली केलेला आहे. तो देशाला साधारण साडेनऊ दिवस पुरेल एवढा आहे, शिवाय तेल कंपन्यांचा साठा वेगळा. गॅसचं मात्र अवघड आहे. विशाखापट्टणमला खडकाच्या पोटात ६० हजार टन गॅस मावतो, आणि देश एका दिवसात त्याहून जास्त जाळतो. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि कोट्यवधी घरांतला धूर कमी झाला, ही चांगलीच गोष्ट. पण त्याबरोबर आपली शेगडी त्या समुद्रातल्या खिंडीला जोडली गेली, हेही आपल्याला माहीत असायला हवं.

गॅसपाठोपाठ खत. युरियाच्या कारखान्यांना नैसर्गिक वायू लागतो, त्यातला बराच कतारहून येतो. डीएपी सौदी अरेबियातून येतं. गेल्या रब्बीत डीएपीच्या गोणीसाठी दुकानापुढे रांगा लागल्या होत्या, त्यामागे एक कारण तांबड्या समुद्रातलं होतं. येमेनमधले हूती बंडखोर नोव्हेंबर २०२३ पासून तिथल्या जहाजांवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन सोडू लागले. गाझातल्या युद्धाला उत्तर म्हणून आपण हे करतो, असं त्यांचं म्हणणं. मग जहाजं तो रस्ता सोडून सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. नाशिकची द्राक्षं युरोपात जातात ती याच रस्त्याने. २०२४ च्या हंगामात ती बोटीतच दहा-पंधरा दिवस जास्त अडकली आणि कंटेनरचं भाडं चढलं. त्या बागांत छाटणीला, विरळणीला, पॅकिंगला जाणाऱ्या बाया आपल्यातल्याच आहेत.

आणि सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे माणसं. आखातात ८० लाखांहून जास्त भारतीय राहतात. कोकणातल्या कितीतरी घरांत कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा दुबईला, कुवेतला, मस्कतला आहे, नाहीतर बोटीवर आहे. त्याच्या पगारावर घर उभं राहतं. तिकडे क्षेपणास्त्र पडलं की इकडे घरात चूल पेटत नाही.

आता सरकार काय करतं ते पाहू. ज्या मुलखात सगळे एकमेकांचे वैरी आहेत, तिथे भारताने सगळ्यांशी बोलणं चालू ठेवलं आहे. इस्रायलकडून आपण शस्त्रं घेतो. सौदी आणि अमिरातीशी तेलाचा आणि माणसांचा व्यवहार आहे. इराणमध्ये चाबहार बंदराचं एक टर्मिनल दहा वर्षं चालवण्याचा करार मे २०२४ मध्ये केला. पाकिस्तानला वगळून अफगाणिस्तानात माल न्यायची ती वाट आहे. गावात दोन भावकींत भांडण असलं तरी दोघांच्या लग्नाला जाणारं एखादं घर असतंच, तसं हे आहे.

याचा उपयोग होतो का? जूनमध्ये झाला. 'ऑपरेशन सिंधू' नावाने इराण आणि इस्रायल या दोन्ही देशांतून मिळून ४,४०० हून जास्त भारतीय परत आणले. इराणने आपलं आकाश विमानांना बंद केलं होतं, तरी आपल्या विद्यार्थ्यांच्या खास विमानांसाठी ते उघडलं. इस्रायलमधली माणसं जॉर्डन आणि इजिप्तच्या वाटेने निघाली. एकाच बाजूचा हात धरला असता तर दुसऱ्या बाजूने दार उघडलं असतं का, याचा विचार करा. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेव्हाही साधारण १ लाख ७० हजार भारतीय विमानांनी घरी आणले होते. ते बहुतेक जॉर्डनची राजधानी अम्मानमार्गे आले.

नुसत्या बोलण्याने भागत नाही, म्हणून आपलं नौदल २०१९ पासून ओमानच्या आखातात जहाजांना सोबत करतं. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता' या युद्धनौकेने 'रुएन' नावाचं पळवलेलं जहाज ४० तासांच्या कारवाईनंतर सोडवलं. १७ खलाशी सुखरूप सुटले आणि ३५ सोमाली चाचे मुंबईत पोलिसांच्या ताब्यात दिले. कच्चं तेलही आता आपण रशियाकडून बरंच घेतो, ते होर्मुझमधून येत नाही.

पण सगळ्यांशी चांगलं राहण्याची किंमतही असते. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे २०१९ मध्ये इराणचं तेल आपल्याला बंद करावं लागलं. या १२ जूनला गाझात युद्धबंदी व्हावी असा ठराव संयुक्त राष्ट्रांत आला. १४९ देशांनी बाजूने मत दिलं. भारत तटस्थ राहिला. २०२३ आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये अशाच ठरावांना भारताने पाठिंबा दिला होता. दोनच दिवसांनी शांघाय सहकार्य संघटनेने इस्रायलच्या हल्ल्याचा निषेध केला, त्यातूनही भारत बाजूला राहिला. मग जुलैत ब्राझीलला ब्रिक्स देशांनी इराणवरच्या हल्ल्यांचा निषेध केला, त्याला मात्र भारताने होकार दिला.

यावर आमच्या गटात दोन मतं पडली. काहीजणी म्हणाल्या, "आपली लाखो माणसं तिकडे आहेत, गॅस तिकडून येतो, सरकारने तोंड सांभाळूनच बोलायला हवं. वाटाघाटीनेच प्रश्न सुटेल असं सरकार म्हणतं, ते खोटं नाही." काहीजणी म्हणाल्या, "भांडणात पडू नका, पण लेकरं मरत असताना युद्ध थांबवा एवढं म्हणायला काय हरकत? आधी म्हणत होतो, मग आता का नाही?" आम्हाला दुसरं म्हणणं जास्त पटतं. दोन्ही घरी जाणाऱ्या माणसाचा शब्द दोन्हीकडे ऐकला जातो, आणि म्हणूनच त्याने वेळेला तो शब्द टाकायला हवा. पण पहिल्या म्हणण्यातली भीती खरी आहे. सरकारने काय केलं आणि का केलं, हे संसदेत नीट सांगावं, आणि खासदार गावात आले की आपणही विचारावं. गावच्या पाण्याचा प्रश्न विचारतो, तसाच हाही विचारायचा.

आता आपल्या हातातलं काय, ते सांगतो.

एक, युद्धाची बातमी आली की दोन-दोन टाक्या भरून ठेवायची घाई करू नका. त्याने टंचाई आणखी वाढते. व्हॉट्सॲपवरचे जुने व्हिडिओ पुढे पाठवू नका.

दोन, दावणीला जनावरं आहेत आणि गोबर गॅस बंद पडला आहे, तिथे तो दुरुस्त करून घ्या. गटाच्या बैठकीत हा विषय घ्या.

तीन, डीएपी मिळत नसेल तर सिंगल सुपर फॉस्फेट आणि युरिया मिळून काम भागतं. प्रमाण कृषी सहायकांना विचारा, आणि माती परीक्षण करूनच खत टाका.

चार, घरातलं कुणी आखातात जाणार असेल तर एजंटाचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. दहावी न झालेल्या कामगारांसाठी प्रवासी भारतीय बीमा योजना आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपयांचं संरक्षण मिळतं, आणि तीन वर्षांचा हप्ता ३७५ रुपये आहे. पासपोर्ट, व्हिसा आणि करार यांच्या प्रती, मालकाचा पत्ता आणि तिथल्या भारतीय दूतावासाचा नंबर घरच्या बाईकडे हवाच. जूनमध्ये दूतावासाने नावं नोंदवून घेऊनच माणसं काढली. ज्याचे कागद हाताशी, त्याला शोधणं सोपं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक नकाशा भिंतीवर लावा. शाळेतून मागितला तर मिळेल. त्यावर होर्मुझ शोधा, मग मुंबई शोधा, मग आपला जिल्हा. आणि ज्या घरातलं माणूस तिकडे आहे, त्या बाईला आधी बोलू द्या.

भेटू पुढच्या आठवड्यात, याच वेळी. नमस्कार.