टर्मिनलने आधी नीट सांगावं



मुक्त सॉफ्टवेअर परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं पुण्यात मनापासून स्वागत करतो. नागपूर, लातूर, पणजीहून रात्रभर प्रवास करून आलेली मंडळी समोर दिसताहेत, त्यांचे विशेष आभार. राहण्या-जेवण्यात काही उणं राहिलं तर स्वयंसेवकांना हक्काने सांगा.

यंदा आम्ही विषय मुद्दाम नेमका ठेवला आहे: सॉफ्टवेअर बसवणारा-काढणारा पॅकेज मॅनेजर टर्मिनलवर माणसाशी कसा बोलतो? तो काय करणार आहे हे त्याने आधी, समजेल असं सांगितलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. विशेषतः जे सहजी परत फिरवता येत नाही, ते.

नोव्हेंबर २०२१मधली घटना आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. यूट्यूबवरचे प्रसिद्ध तंत्रज्ञान-निवेदक लायनस सेबॅस्टियन पॉप ओएस या लिनक्स प्रणालीवर खेळांसाठीचं स्टीम बसवत होते. डिपेंडन्सीच्या घोळामुळे तिथल्या एपीटी या पॅकेज मॅनेजरने डेस्कटॉपच काढून टाकायचा बेत आखला. पडद्यावर इशारा होता, काढायच्या पॅकेजांची यादीही होती. पुढे जायचं तर ‘येस, डू ॲज आय से!’ हे वाक्य अक्षर न् अक्षर टाइप करायचं होतं. त्यांनी ते केलं आणि डेस्कटॉप गेला. ‘वाचायला नको का?’ असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मला तो न्याय पटत नाही. एकाच रंगाच्या, एकाच ठशाच्या नावांच्या गर्दीत सर्वांत धोक्याची ओळ बुडालेली होती. संगणकात मुरलेल्या माणसालाही ती दिसली नाही, म्हणजे दोष मांडणीचा. एपीटी घडवणाऱ्यांनीही तसंच मानलं असावं, कारण थोड्याच काळात ते वाक्य टाइप करून पुढे जाण्याची सोयच त्यांनी काढून टाकली. अत्यावश्यक पॅकेज काढायचंच असेल, तर आज त्यासाठी वेगळा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो.

एपीटी १९९९मध्ये डेबियन २.१बरोबर आलं. रोजच्या कामाच्या आज्ञा एकत्र आणणारी सुटसुटीत ‘एपीटी’ आज्ञा आणि प्रगतिपट्टी यायला २०१४ उजाडलं. २०२५च्या ३.० आवृत्तीत याद्या स्तंभांत आल्या, नवं ते हिरव्यात, काढायचं ते लाल रंगात आणि यादीच्या शेवटी, म्हणजे ‘पुढे जायचं का?’ या प्रश्नाच्या अगदी जवळ. बदल दिसायला किरकोळ आहे, पण माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतला हा सर्वांत माणुसकीचा बदल.

मात्र नुसत्या रंगावर भिस्त ठेवता येणार नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या आपल्या अंध सहकाऱ्यांना लाल-हिरवं कळत नाही. त्यांना शब्दच लागतात. प्रश्नही तसेच स्पष्ट शब्दांत हवेत. आपण बदललेली कॉन्फिगरेशन फाइल अपग्रेडच्या वेळी आड आली, की एपीटीच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारा डीपीकेजी थांबून विचारतो: जुनी ठेवू की नवी घेऊ? दोन्हींतला फरकही दाखवतो, आणि काही न निवडता एंटर दाबलं तर आपलीच फाइल राखतो. प्रश्न असा असावा. डीएनएफ या दुसऱ्या पॅकेज मॅनेजरमध्ये झालेला व्यवहार इतिहासातून उलटवण्याची आज्ञा आहे, तेही शिकण्यासारखं आहे.

आणखी एक काम थेट आपलं आहे. एपीटी आणि डीपीकेजी दोन्हींच्या मूळ प्रकल्पांत संदेशांच्या मराठी अनुवादाची फाइल आहे. प्रत्येक आवृत्तीत संदेश बदलतात, म्हणून ती सतत सांभाळावी लागते. शिकाऊ विद्यार्थ्याला ‘हे पॅकेज काढलं जाईल’ एवढं मायबोलीत दिसलं, तरी त्याचा हात एंटरवर जाण्याआधी थांबेल.

दुपारच्या कार्यशाळेला येताना आपल्याला अडवलेला, गोंधळात पाडलेला एकेक संदेश जसाच्या तसा घेऊन या. तो कसा असायला हवा होता ते तिथे एकत्र बसून लिहू आणि संबंधित प्रकल्पाकडे पाठवू. आता अध्यक्ष महोदयांना परिषदेचं उद्घाटन करण्याची विनंती करतो.