मूत्रपिंडांतील भुयारी पाट

बीड शहराच्या दक्षिणेस, कांहीं मैलांवर, खजाना विहीर या नांवाची जुनी विहीर आहे. सोळाव्या शतकांत, निजामशाहीच्या अमदानींत, ती बांधली गेली. तिची खुबी खोलींत नसून तिला जोडलेल्या भुयारी पाटांत आहे. भुयारांतून पाणी विहिरींत येतें आणि भुयारांतूनच तें शेतांकडे जातें. वरून पाहणारास पाणी दिसतें, पाट दिसत नाहींत. पण बाहेर जाणारा पाट बुजला, तर विहीर भरलेली असूनही शेत कोरडें राहील.

श्रोतेहो, आपल्या मूत्रपिंडाची रचना समजण्यास ही विहीर उपयोगी पडते. दोन्ही मूत्रपिंडें मिळून दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव रक्तांतून गाळून काढतात. पण मूत्ररूपानें बाहेर पडतो तो अवघा एक-दोन लिटर. बाकीचें पाणी आणि त्यांतील बहुतेक सारें मीठ शरीर परत घेतें. हें काम प्रत्येक मूत्रपिंडांतील सुमारें दहा लाख सूक्ष्म नलिका अहोरात्र करीत असतात.

मीठ म्हणजे सोडियम व क्लोराइड यांची जोडी. नलिकेचा एक भाग केसांत खोंचावयाच्या आंकड्यासारखा वळलेला असतो. त्याच्या चढत्या बाजूच्या पेशी एक सोडियम, एक पोटॅशियम व दोन क्लोराइड असे कण एकदम आंत ओढतात. पोटॅशियम बहुतांशीं नलिकेंत परत जातें व सोडियम रक्ताकडे ढकललें जातें. क्लोराइडला मात्र रक्ताकडे जाण्यास पेशीच्या आवरणांत निराळा मार्ग असावा लागतो. तो मार्ग एका प्रथिनाचा बनलेला असून बार्टिन नांवाचें दुसरें लहान प्रथिन त्यास साह्य करतें.

हा मार्ग जन्मतःच बिघडलेला असला म्हणजे क्लोराइड पेशींत कोंडतें, मीठ ओढून घेण्याची क्रिया मंदावते, आणि मीठ व त्यामागोमाग पाणी मूत्रावाटें वाहून जातें. पुढच्या नलिका सोडियम वाचवूं पाहतात, त्या खटपटींत पोटॅशियम गमावलें जातें. फ्रेडरिक बार्टर या अमेरिकन वैद्यानें १९६२ सालीं या विकाराचें वर्णन केलें. १९९७ सालीं क्लोराइड-मार्गाचें सदोष जनुक त्याच्या एका प्रकाराचें कारण ठरलें. बार्टिनच सदोष असेल तर मूल बहिरेंही होतें. कारण अंतःकर्णासही तेंच प्रथिन लागतें.

असें मूल सारखें पाणी मागतें, वारंवार लघवीस जातें, खारट पदार्थांकडे धांवतें, अंगानें भरत नाहीं आणि त्याचे हातपाय गळून जातात. विकार विरळा आहे खरा. परंतु बीडसारख्या जिल्ह्यांत त्याची जाणीव असणें अगत्याचें आहे. येथील उन्हाळा कडक, पाण्याची टंचाई वरचेवर, आणि दसऱ्यानंतर लाखो माणसें ऊसतोडीस परमुलखीं जातात. पुष्कळांचीं लहान मुलें बरोबरच असतात. ज्याचें मीठ आधींच गळत आहे, त्यास उन्हांत जुलाब-वांत्या झाल्या तर जीवावरचा प्रसंग ओढवूं शकतो. रात्रीं अंथरूण भिजतें म्हणून त्याचें पाणी तोडणें हा तर घातच होय.

निदानाची पहिली पायरी कठीण नाहीं. रक्तांतील पोटॅशियम व क्लोराइड मोजलें असतां संशय घेतां येतो. तेवढी तपासणी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयासारख्या सरकारी रुग्णालयांत होते. दोष समूळ जात नाहीं, पण मीठ व पोटॅशियम पुरवून आणि वैद्याच्या देखरेखीखालीं औषधें देऊन मूल वाढूं शकतें.

आणखी एक गोष्ट. आई व बाप या दोघांकडूनही सदोष जनुक आलें तरच हा विकार होतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव चारांत एक असतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. नात्यांतील वधूवरांत एकच सदोष जनुक असण्याचा संभव अधिक. ज्या घराण्यांत असें मूल झालें असेल, तेथें सोयरीक ठरविण्यापूर्वीं वैद्याचा सल्ला घेणें शहाणपणाचें. आणि ज्या घरीं एखादें मूल तांब्यामागून तांब्या रिचवूनही तहानलेलेंच राहतें, तेथें त्यास रागें भरण्यापूर्वीं त्याचें रक्त तपासून घ्यावें.