छोट्या उद्योगाचा आराखडा आणि सामाजिक उत्तरदायित्व

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील व्याख्यान)



व्यापार आणि समाजकार्य यांचा हिशेब बहुधा दोन स्वतंत्र वह्यांत ठेवला जातो. वर्षभर नफा मिळवावा आणि वर्षअखेरीस त्यातील काही भाग सत्कार्यास द्यावा, ही रीत स्तुत्यच आहे. परंतु ती पुरेशी नाही. नफा ज्या मार्गाने आला तो मार्ग कामगाराला वा ग्राहकाला जाचक ठरला असेल, तर त्याची भरपाई देणगीने होत नाही. सामाजिक उत्तरदायित्व हे उद्योगाच्या आराखड्यातच प्रथमपासून मांडावे लागते. तसे ते मांडले, तर उद्योगालाही टिकून राहण्याचे बळ मिळते. याची उदाहरणे शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. एक गिरगावात घडले, दुसरे परळ-लालबागच्या गिरणगावात.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवास या वसाहतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटावयास बसल्या. जसवंतीबेन जमनादास पोपट या त्यांपैकी एक. भांडवल होते ८० रुपये; तेही समाजसेवक छगनलाल करमशी पारेख, म्हणजेच छगनबाप्पा, यांच्याकडून घेतलेले कर्ज. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली, पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. पुढे 'लिज्जत' या नावाने हा पापड घरोघरी पोहोचला.

या यशामागील नियोजन पाहण्याजोगे आहे. तोटा झाला तरी कोणाकडे देणगी मागावयाची नाही, असे या भगिनींनी आरंभीच ठरवले. प्रारंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक उत्तम आणि एक स्वस्त. छगनबाप्पांनी त्यांना एकच प्रत राखण्याचा, दर्जात कधीही तडजोड न करण्याचा आणि हिशेब चोख ठेवण्याचा सल्ला दिला. लाटणारी प्रत्येक स्त्री नोकर न राहता संस्थेची सभासद, म्हणजेच मालकीण झाली. तिने कणीक घरी न्यावी, लाटलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून द्यावेत आणि वणाई घेऊन जावे, अशी व्यवस्था बसली. नफा-तोटा सर्वांचा. घर आणि मुले सांभाळून स्त्रीला मिळकत व्हावी, हा हेतू कामाच्या रचनेतच गुंफलेला होता. १९६६ मध्ये संस्था नोंदणीकृत झाली व खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही तिला मिळाली. आज सुमारे ४५ हजार भगिनी या कामात आहेत. २०२१ मध्ये जसवंतीबेन यांना 'पद्मश्री' जाहीर झाली.

मात्र वाट सरळ नव्हती. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात आणि काम चार महिने बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी भगिनींनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. काम चालू राहिले. निसर्गाचा विचार करून केलेले नियोजन ते हेच. हिंदमाता परिसरात दरवर्षी पाणी भरताना पाहणाऱ्या दादर-परळच्या दुकानदाराने आपला माल जमिनीपासून किती उंचीवर ठेवला आहे, हा प्रश्नही त्याच जातीचा आहे.

दुसरे उदाहरण खाणावळींचे. कोकणातून व घाटावरून आलेल्या एकट्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या स्त्रियांनी गिरणगाव पोसले. कामगार पगार झाल्यावर महिन्याचे पैसे देई. तोपर्यंत किराणा उधारीवर, आणि सावकाराच्या व्याजात कष्टाची कमाई जाई. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले. तारण ठेवण्यास काही नव्हते. एकमेकींची हमी हीच पत ठरली.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पगार थांबले तशा चुलीही थंडावल्या. खाणावळवाल्या बाईच्या प्रामाणिकपणात वा हातच्या चवीत काही उणे नव्हते. पण तिचा सारा संसार एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर उभा होता. अशा वेळी संघटित असलेल्या स्त्रियांना ऑर्डरीप्रमाणे जेवण पुरवण्यासारख्या नव्या वाटा एकत्र शोधता आल्या. सचोटीला दूरदृष्टीची आणि सोबतीची जोड लागते, हे या संपाने दाखवून दिले.

म्हणून नवा उद्योग काढणाऱ्या तरुणाने भांडवल आणि भाडे यांच्याबरोबर आणखी काही प्रश्न कागदावर मांडावेत. काम करणाऱ्याला मोबदला वेळेवर मिळेल काय? गरीब ग्राहकाच्या वाट्याला हलका माल तर येणार नाही ना? पावसाळ्याचे चार महिने कसे निभावतील? वेष्टणाचा आणि टाकाऊ मालाचा भार कोणावर पडेल? २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा कागदी वा कापडी पिशवीची सवय आधीच लावलेल्या दुकानदाराची धावपळ झाली नाही. आणि शेवटचा प्रश्न, मुख्य गिऱ्हाईक उद्या गेले तर काय?

समाजाच्या संस्थांनाही यातून बोध घेता येईल. आजारी, वृद्ध, निराधार यांना साहाय्यच द्यावयास हवे. परंतु ज्याच्या हातात कसब आहे, त्याला छगनबाप्पांप्रमाणे कर्ज द्यावे, हिशेब विचारावा आणि चुकल्यास सल्लाही द्यावा. १९५९ साली ते ८० रुपये दान म्हणून मिळाले असते, तर कदाचित एका महिन्याचा किराणा भरला असता. कर्ज म्हणून मिळाले, त्यावर हजारो घरांच्या चुली पेटत राहिल्या.