गर्भपात : हक्क आणि मुदत

गर्भपाताचा विषय निघाला म्हणजे बहुधा न्यायालयांचे निवाडे डोळ्यांपुढें येतात. परंतु हा प्रश्न कोठें उभा राहतो हें पाहावयाचें, तर हिंगोली जिल्ह्यांतील एखाद्या वाडीचें चित्र मनांत आणावें. आईबाप ऊसतोडीस गेलेले. पंधरा वर्षांची मुलगी आजीजवळ राहिलेली. नात्यांतल्याच कोणी तिच्यावर अत्याचार केला. पाळी चुकली, पण तिला अर्थ कळला नाहीं. कळला तरी सांगावें कोणास? आईबाप परतले, आईच्या लक्षांत आलें, सोनोग्राफी झाली, तेव्हां पंचविसावा आठवडा चालूं होता. येथून पुढें तिची गांठ कायद्याशीं.

गर्भाच्या वयावरून भेद करण्याची रीत जुनी आहे. १८६० च्या दंडविधानानें गर्भपात करविणें हा गुन्हा ठरविला. अपवाद एकच, स्त्रीचा जीव वाचविण्याचा. गर्भाची हालचाल सुरू झालेली असल्यास कैदेची मर्यादा तीन वर्षांवरून सात वर्षांवर जाई. तीनच वर्षांनीं, १८६३ सालीं, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. फसविल्या गेलेल्या विधवेस गुपचूप बाळंत होण्यास जागा मिळावी, हा त्यांचा हेतु. पुढें १९६४ सालीं शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली गेली, आणि १९७१ च्या कायद्यानें ठराविक कारणांसाठीं विसाव्या आठवड्यापर्यंत गर्भपातास मुभा दिली.

ही मुदत अपुरी आहे, हें २००८ सालीं मुंबईंत उघड झालें. एका गर्भाच्या हृदयांतील गंभीर दोष मुदत उलटल्यावर समजला, आणि आईबापांची विनंती उच्च न्यायालयानें अमान्य केली. २०२१ च्या दुरुस्तीनें अत्याचारपीडित स्त्रिया, अज्ञान मुली इत्यादिकांसाठीं मुदत चोवीस आठवडे झाली. गर्भांत गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानें त्यापुढेंही वाट मोकळी झाली. पण वाडीवरच्या त्या मुलीचा गर्भ निर्दोष आहे. म्हणून व्यंगासाठीं ठेवलेली ती वाट तिला बंद. तिनें वकील गांठावा आणि छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढें दाद मागावी. तोंवर दिवस थांबत नाहींत.

मग मुदतच नको, असें म्हणावें काय? तेंही सोपें नाहीं. ऑक्टोबर २०२३ मध्यें सव्वीस आठवड्यांच्या गर्भवतीस सर्वोच्च न्यायालयानें प्रथम परवानगी दिली. गर्भ जिवंत जन्मेल असें वैद्यांनीं कळविल्यावर न्यायाधीशांत मतभेद झाला, आणि अखेर मोठ्या पीठानें ती नाकारली. आईच्या उदराबाहेर जगूं शकेल अशा जिवापुढें वैद्याचा हात थबकला, तर त्यास निर्दय म्हणतां येत नाहीं. गर्भ वाढतो तसा त्याचा दावाही वाढतो, हें बहुतेकांच्या अंतःकरणास पटतें.

परंतु दाव्याची तुलना करतांना उशीर कोणामुळें झाला, हेंही तराजूंत पडलें पाहिजे. ज्या मुलीस आपल्या शरीराचें ज्ञान कोणी दिलें नाहीं, जिच्या घरांत बदनामीचें भय न्यायाहून मोठें ठरलें, तिच्या माथीं विलंबाचा सारा भार टाकणें हा न्याय नव्हे. त्यांत आणखी एक गोंधळ आहे. लिंगनिदानास बंदी करणारा १९९४ चा कायदा निराळा आणि गर्भपाताचा कायदा निराळा. पण दोहोंची सरमिसळ होऊन कायदेशीर गर्भपातही पाप किंवा गुन्हा समजला जातो, आणि विचारण्यास आलेली बाई दारांतूनच परत फिरते.

नदीवर उतार ठेवला नाहीं, तर पलीकडे वेळेवर कां पोहोंचला नाहीं, असें विचारण्याचा अधिकार राहत नाहीं. आठवड्यांची मर्यादा घालणाऱ्या समाजावर म्हणूनच एक ऋण चढतें : तालुक्याच्या रुग्णालयांत पहिल्या बारा आठवड्यांत निर्धास्त सोय, शाळेंत शरीराची माहिती, आणि घरांत मुलीस बोलण्याचें अभय. पहिल्या दोन गोष्टी सरकारनें करावयाच्या. तिसरी मात्र प्रत्येक घरानें.